‘स्थिर तरंग गुणोत्तर’ : एका नावाचा व मापनाचा इतिहास

वस्तू बदलते, पण तिचे जुने नाव टिकून राहते, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा अनुभव होय. ‘शाई’ या शब्दाचे मूळ काळेपणा दर्शविणाऱ्या फार्सी शब्दात आहे. तरीही आपण ‘लाल शाई’ निःशंकपणे म्हणतो. तेथे या विसंगतीने कोणाचे नुकसान होत नाही. यंत्राच्या नावात मात्र ती अनुमानाची दिशाच चुकवू शकते. हौशी बिनतारी चालकांचे ‘एसडब्ल्यूआर मीटर’, म्हणजे स्थिर तरंग गुणोत्तर मापक, हे याचे बोलके उदाहरण होय.

प्रारंभी हे नाव कृतीस अनुरूपच होते. एर्न्स्ट लेखर याने १८९० मध्ये दोन समांतर तारांवर स्थिर तरंग उभे करून त्यांतील अंतरे मोजली. पुढे लांब फट असलेल्या वाहक नळीत शोधक सरकवून विद्युत्‌दाबाची महत्तम व लघुतम मूल्ये घेत आणि त्यांचे गुणोत्तर काढीत. १९५० नंतरच्या दशकात हौशी चालकांच्या मेजावर आलेले मीटर असे काहीच करीत नाही. वॉरन ब्रूनी याने १९५९ मध्ये वर्णिलेल्या मंडलात तारेच्या एकाच ठिकाणचा दाब व प्रवाह यांचे नमुने घेतले जातात. त्यांची बेरीज व वजाबाकी करून, ५० ओहम हे प्रमाण मानून, ‘जाणारी’ व ‘परतणारी’ शक्ती दर्शविली जाते. १०० वॅटपैकी ४ वॅट परतल्यास गुणोत्तर १.५ येते. म्हणजे प्रत्यक्ष पाहिली जाते ती त्या ठिकाणची जुळणी. स्थिर तरंग हे केवळ अनुमान.

आकाशकातून किती ऊर्जा अवकाशात गेली, हे तर या आकड्यात नाहीच. आकाशकाऐवजी ५० ओहमचा रोधक जोडल्यास मीटर १ हा आदर्श आकडा दाखविते, परंतु सारी ऊर्जा उष्णतेत जाते. वाटेत निम्मी शक्ती गमावणाऱ्या केबलचे दुसरे टोक मोकळे असले, तरी जाऊन-येऊन पाव शक्तीच परतते आणि मीटर अवघे ३ दाखविते.

मग प्रेषण झाल्याचा पुरावा कोठे शोधावा? काँग्रेस रेडिओ हे मुंबईतील गुप्त केंद्र १९४२ मध्ये ४२.३४ मीटर लांबीच्या तरंगावर, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्‌झवर, ध्वनिक्षेपण करीत होते. उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलीत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. त्या केंद्राचा आवाज बाहेर पोचत होता याची साक्ष, शासनाच्याच श्रवणकर्त्यांनी उतरवून घेतलेल्या भाषणांतून मिळते.

कोणताही आकडा कोठे व कशाशी ताडून घेतला, हे अभ्यासकाने प्रथम विचारावे. त्याचे नाव काय सांगते, हा प्रश्न त्यानंतरचा.