अश्कलोनचे नाव आणि ब्रिटनीचा कांदा

फ्रेंच पाककलेत ‘एशालोत’ या लहान कांद्याला मानाचे स्थान आहे. आपल्याकडील सांबाराचा छोटा कांदा त्याचाच आप्त होय. एक कांदा लावला की जमिनीत त्याचाच झुबका तयार होतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

त्याचे नाव पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अश्कलोन नगरीवरून पडले. पलिष्ट्यांचे हे नगर बायबलच्या वाचकांना परिचित आहेच. क्रुसेडला गेलेल्या सरदारांनी हा कांदा फ्रान्समध्ये आणला, अशी एक आख्यायिका आहे. परंतु इ. स. ८०० च्या सुमारास, सम्राट शार्लमेनच्या काळात, शाही मळ्यांसाठी निघालेल्या आज्ञापत्रातील भाज्यांच्या यादीत ‘अस्कालोनिकास’ हा शब्द आढळतो. पहिले क्रुसेड निघाले ते १०९६ मध्ये. म्हणजे निदान नाव तरी त्याआधी सुमारे तीन शतके तेथे पोहोचले होते.

याहून मोठे आश्चर्य ग्रीक पंडित थिओफ्रास्टसच्या वनस्पतिग्रंथात आहे. अश्कलोनचा कांदा मुळाशी फुटत नाही, म्हणून तो बी पेरूनच वाढवावा लागतो, असे तो सांगतो. आजच्या एशालोतचे लक्षण याच्या नेमके उलट आहे. नाव टिकले, कांदा मात्र बदलला!

आज फ्रान्समधील बागाइतदारापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. करड्या, जाड सालीची ‘ग्रिझेल’ शरद ऋतूत लावतात. तिची चव तीव्र असल्याने चोखंदळ आचारी तिलाच पसंती देतात. पण ती काही महिनेच टिकते. जनुकीय अभ्यासाने ती मध्य आशियातील एका रानटी कांद्याची नातलग ठरली आहे. दुसरी तांबूस ‘जर्सी’. तिच्यात ‘लाँगोर’सारखे लांबट आणि ‘मिकोर’सारखे अर्धलांब वाण आहेत. ही सौम्य असते, उन्हाळ्यात निघते आणि नीट वाळवून हवेशीर जागी ठेवल्यास पुढील वसंतापर्यंत पुरते. लांबट कांदा चिरायलाही सोपा. म्हणून चवीसाठी थोडी ग्रिझेल व साठवणीसाठी जर्सी, अशी विभागणी शहाणपणाची ठरते.

ब्रिटनीतील शेतकरी हे कांदे हाताने एकेक करून लावतात. पिढ्यान्‌पिढ्या कांद्यापासूनच कांदा घेतल्याने विषाणू साचतात. त्यामुळे निरोगी बेणे जपावे लागते. डच कंपन्यांनी बियांपासून वाढणारे वाण आणले. ते यंत्राने पेरता येतात आणि स्वस्त पडतात. कांद्यापासून वाढवलेल्यालाच एशालोत म्हणावे, असा आदेश फ्रान्सने १९९० मध्ये काढला होता. जानेवारी २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही बंदी मुक्त व्यापाराच्या आड येते, असा निर्णय दिला. त्यानंतर हाताने लावलेला माल ‘पारंपरिक एशालोत’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

थिओफ्रास्टसची साक्ष मानली, तर अश्कलोन हे नाव मुळात बियांच्या कांद्याचेच होते. तेव्हा ब्रिटनीच्या शेतकऱ्याचा खरा हक्क नावाच्या प्राचीनतेवर उभा नाही. तो उभा आहे त्याने जपलेल्या बेण्यावर आणि त्याच्या हातांच्या कष्टांवर.