उड्डाणापूर्वीची वर्षे

अग्निबाणाचे उड्डाण आपण काही मिनिटे पाहतो आणि आपापल्या कामाला लागतो. त्या मिनिटांमागे किती वर्षे उभी असतात, याचा हिशेब मात्र सहसा मांडला जात नाही. चांद्रयान-३ ने १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा सोडले आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याचे 'विक्रम' हे यान चंद्रावर अलगद उतरले. प्रवास ४० दिवसांचा. परंतु चंद्रावर यान उतरविण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती ती १८ सप्टेंबर २००८ रोजी. मान्यता आणि आगमन यांमध्ये जवळजवळ १५ वर्षे गेली.

ही वर्षे कशात गेली? मूळ योजनेत चंद्रावर उतरणारे यान रशिया देणार होता. २०११ साली रशियाची फोबोस-ग्रुंट ही मोहीम पृथ्वीच्या कक्षेतच अडकली. पुढे रशियाचे यान वेळेत मिळेना, तेव्हा भारताने ते स्वतःच बांधण्याचे ठरविले. चांद्रयान-२ निघाले ते २२ जुलै २०१९ रोजी. ७ सप्टेंबरच्या पहाटे, पृष्ठभाग अगदी जवळ आला असताना, यानाशी संपर्क तुटला. नंतरच्या चार वर्षांत यानाचे पाय बळकट करण्यात आले, इंधन वाढविण्यात आले आणि उतरण्याचे क्षेत्र अर्धा किलोमीटर लांबीरुंदीवरून ४ गुणिले २.४ किलोमीटर करण्यात आले. ज्या अपयशाने देश हळहळला, त्यानेच पुढचा धडा लिहून दिला.

प्रत्येक मोहिमेला इतका काळ लागतो असे नव्हे. मंगळयानास २०१२ च्या ऑगस्टमध्ये मान्यता मिळाली आणि ५ नोव्हेंबर २०१३ रोजी ते निघालेही. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी येते. ती चुकली असती तर तेवढे थांबणे भाग होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरले. उलट अमेरिकेचे न्यू होरायझन्स २००६ च्या जानेवारीत निघून प्लूटोजवळ पोहोचले ते २०१५ च्या जुलैत. तेथे उड्डाणानंतरची प्रतीक्षाच साडेनऊ वर्षांची होती.

आपल्या प्रतीक्षेचा आरंभ २००८ च्याही फार पूर्वीचा आहे. केरळमधील थुंबा येथील मच्छीमार भाविकांनी संत मारिया माग्दालेनाचे चर्च या कार्यासाठी सोडून दिले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. त्याच दशकात पुण्याचे वसंत गोवारीकर थुंब्यास गेले व घन इंधनाच्या संशोधनात त्यांनी उमेदीची वर्षे घातली. चांद्रयान-३ नेणाऱ्या अग्निबाणाच्या दोन्ही अंगांस घन इंधनाचेच प्रचंड स्तंभ होते. गोवारीकर मात्र २ जानेवारी २०१५ रोजी निवर्तले होते.

आमचे कुंभिवली ज्या खालापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील खोपोलीस अशी गोष्ट नवी नाही. घाटमाथ्याचे पाणी खाली आणून त्यापासून वीज करण्याचे स्वप्न जमशेटजी टाटांनी पाहिले. ते १९०४ साली वारले. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या, पण ते पाहण्यास योजणारा नव्हता.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे बरोबर १६ वर्षांनी, मंत्रिमंडळाने शुक्राच्या मोहिमेस मान्यता दिली. मार्च २०२८ मध्ये ते यान सोडण्याचा संकल्प आहे. त्यासाठी आज मान मोडून काम करणाऱ्यांपैकी काहीजण तोवर निवृत्त झालेले असतील, आणि शुक्राकडून येणारी माहिती उलगडणारे काहीजण आज शाळेच्या बाकावर असतील. दोघांची कदाचित भेटही होणार नाही. तरीही पहिल्याने आपले काम चोख केले, तरच दुसऱ्याच्या हाती काही लागेल.