मुळी आणि माप

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने उभे राहिले आणि पालघर-बोईसरच्या घरांत औषधनिर्मितीच्या गोष्टी रोजच्या झाल्या. पण पोटात गेलेली गोळी मन कशी शांत करते, हा शाळकरी मुलाचा प्रश्न मोठ्यांनाही सहज सुटत नाही. त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्या मुंबईतून गेला आहे.

सर्पगंधेची मुळी आपले वैद्य वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वापार देत आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिल्या, दाब पुनःपुन्हा मोजला, आणि १९४९ साली आपले निष्कर्ष एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे पश्चिमेचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. त्याने रक्तदाब उतरे, वेडाचा झटका शमे; काही रुग्णांना मात्र खोल उदासी येई. हे का व्हावे?

मेंदूतील मज्जापेशींच्या मध्ये बारीक फट असते. ती ओलांडून निरोप नेतात ते रासायनिक दूत. ते मोजायचे कसे, हीच अडचण होती. अमेरिकेत बेथेस्डा येथे बोमन यांनी एक प्रकाशमापक यंत्र तयार केले. मेंदूच्या अर्कावर एका रंगाचा प्रकाश टाकला की दूतद्रव्य दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देते. जितके द्रव्य, तितका उजेड. १९५५ च्या सुमारास ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राने दाखविले, की रिसर्पिन दिल्यावर मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो.

१९५७ साली स्वीडनचे कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपा टोचले, आणि ससे पुन्हा हिंडू लागले. कंपवाताच्या उपचाराची वाट येथूनच निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९६२ साली फाल्क व हिलार्प यांची रीत प्रसिद्ध झाली. मेंदूचा सुकविलेला काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवला, की सूक्ष्मदर्शकाखाली डोपामिन हिरवे आणि सेरोटोनिन पिवळे चमके. आजवर केवळ मोजलेला दूत आता आपल्या पेशीत बसलेला दिसला.

मुळीचा गुण वैद्यांनी ओळखला होता. पण नुसत्या ओळखीने जग पटत नाही. वकीलांपाशी रक्तदाब मोजण्याचे साधे साधन होते आणि नोंदी ठेवण्याची चिकाटी होती. पुढची यंत्रे परदेशांत घडली, हे खरे. परंतु त्या यंत्रांना विचारायचा प्रश्न परळच्या एका रुग्णालयातील वहीतून गेला होता, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.