होळकरांची नाणी आणि आपली देवघरे

इतिहासाच्या साधनांत नाण्याचे स्थान काहीसे वेगळे आहे. शिलालेख एका जागी खिळलेला असतो आणि बखर पुष्कळदा प्रसंगानंतर बऱ्याच काळाने लिहिली जाते. नाणे मात्र ज्या काळी पाडले गेले त्याच काळी बाजारात, पेठेत आणि देवळाच्या दानपेटीत फिरत होते. राजाने स्वतःविषयी प्रजेला काय सांगावयाचे ठरविले होते, ते त्याच्या दोन बाजूंवर कोरलेले असते. म्हणूनच बोटाच्या दोन पेरांएवढा हा धातूचा तुकडा कित्येकदा मोठ्या ग्रंथाची उणीव भरून काढतो.

इंदूर व महेश्वर येथील होळकरांच्या टांकसाळींतून निघालेली नाणी या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्यकारभार पाहिला. त्यांच्या काळच्या रुपयावर लेख फारसी आहे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे, शाह आलमचे आहे. परंतु त्याच रुपयावर शिवलिंग आणि बिल्वपत्र ही चिन्हेही उमटविलेली दिसतात. राज्य शंकराचे आणि आपण केवळ त्याच्या कारभारीण, अशी ज्यांची निष्ठा होती, त्यांनी व्यवहाराच्या रुपयावरही आपल्या आराध्यदैवताची खूण ठेवली. बादशाही सनदेचा मान आणि स्वधर्माची निष्ठा या दोहोंचा मेळ मराठेशाहीने कसा घातला, हे या एका नाण्यावरून जितके स्पष्ट होते तितके लांबलचक विवेचनाने होणार नाही.

मल्हारनगर म्हणजे इंदूर. तेथील टांकसाळीच्या रुपयावर पुढे सूर्याचे मुख आले. यशवंतराव होळकरांनी शके १७२८ मध्ये, म्हणजे इ. स. १८०६ च्या सुमारास, एक खास रुपया पाडविला. त्यावर फारसी लेख नसून नागरी लिपीत संस्कृत लेख आहे. एका बाजूस इंद्रप्रस्थाच्या चक्रवर्तीचा उल्लेख आहे, तर दुसऱ्या बाजूस लक्ष्मीकांताच्या चरणी रमलेल्या यशवंतरावांचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तांब्याच्या नाण्यांवर बसलेला नंदी दिसतो. शेवटी १९३५ साली, दुसऱ्या यशवंतरावांच्या कारकिर्दीत, पाव आणा व अर्धा आणा या नाण्यांवर राजाचे चित्र आले. पुढे १९४८ मध्ये हे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. शिवलिंगापासून राजाच्या चित्रापर्यंतचा हा प्रवास म्हणजे दीड शतकातील राज्यकल्पनेच्या परिवर्तनाची एक मालिकाच होय.

ही मालिका अखंड राहावी अशी मात्र परिस्थिती नाही. इंदूरने राजकीय उत्पात पुष्कळ पाहिले. १८०१ मध्ये शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटले व जाळले. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याला पुन्हा आग लागली. अशा आपत्तींची नोंद इतिहास ठेवतो. परंतु नाण्यांचा खरा संहार याहून शांतपणे चालत आला आहे. चांदीचा भाव चढला की जुने रुपये सराफ्यात जातात आणि मुशीत वितळतात. काही नाण्यांना कडी डाखवून त्यांची माळ होते. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांची आपल्याकडे पुतळ्यांची माळ झाली, ती अशीच. आणि जी नाणी या दोहोंतून वाचतात, ती पुष्कळदा आपल्याच घरात, आपल्याच भक्तिभावाने झिजतात.

या शेवटच्या गोष्टीचा विचार देवस्थानांशी व कुलाचारांशी संबंध असलेल्या वाचकांनी अधिक करावयास हवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वाडवडिलांचा रुपया देवघरातून काढावयाचा, चिंचेने वा राखेने लख्ख घासावयाचा, पंचामृताने न्हाऊ घालावयाचा, हळदकुंकू लावावयाचे आणि पुन्हा डबीत ठेवावयाचा, ही रीत कित्येक घरांत आहे. तिच्यामागील भावना पवित्र आहे यात शंका नाही. परंतु चिंच आणि दही ही आम्ले आहेत व राख हे घासणारे चूर्ण आहे. चांदीवर येणारी काळी झाक म्हणजे हवेतील गंधकयुक्त वायूशी संयोग पावलेली त्या नाण्याचीच चांदी होय. ती घासून काढली की नाण्याचा तेवढा अंश कायमचा जातो. पन्नास दिवाळ्यांनंतर रुपया चकचकीत राहतो खरा, परंतु त्यावरील बिल्वपत्र पुसट होते आणि टांकसाळीचे नाव वाचता येईनासे होते. ज्या चिन्हामुळे तो रुपया पूजनीय ठरला, तेच चिन्ह पूजेने नाहीसे व्हावे, ही विसंगती विचारी माणसास खटकल्यावाचून राहणार नाही.

यावर उपाय कुलाचार सोडणे हा नव्हे. अभिषेकासाठी आजच्या काळातील चांदीचे नाणे घ्यावे. जुने नाणे कोरड्या तबकात ठेवून त्यास फूल व अक्षता वाहाव्यात आणि पूजा झाल्यावर ते जागच्या जागी ठेवावे. नाणे धरताना दोन बोटांनी कडेवर धरावे. तळहाताच्या घामातील क्षार धातूवर बोटांचे ठसे उमटवितात. चुकून दूध वा कुंकू लागलेच, तर चांदीचे नाणे ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने अलगद टिपावे, चोळू नये.

तांब्याच्या नाण्यांची प्रकृती निराळी. त्यांवर येणारा घट्ट, तपकिरी वा गडद हिरवा थर हा बहुधा संरक्षकच असतो. तो खरवडू नये. परंतु फिकट हिरवी भुकटी दिसू लागली आणि पुसल्यावरही पुनःपुन्हा येत राहिली, तर क्षारांमुळे धातू आतून पोखरला जात आहे असे समजावे. असे नाणे इतरांपासून वेगळे व कोरडे ठेवावे आणि जाणकारास दाखवावे. माळव्याचे पठार समुद्रापासून दूर असल्याने येथे हा धोका मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत असतो. गोमंतक व कोकण येथे मात्र खाऱ्या हवेमुळे तो बाराही महिने असतो. इंदूरला उन्हाळाभर निर्धास्त राहिलेली नाणी मडगावी वा रत्नागिरीस नेली, तर तेथे त्यांची अधिक काळजी घ्यावी लागेल.

नाणी ठेवावयाची कशात, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सागवानी पेटी आणि मखमलीचे अस्तर हे आपल्याकडील वैभवाचे लक्षण. परंतु लाकडातून सूक्ष्म प्रमाणात आम्लाची वाफ निघत असते, आणि लोकर, रबर व वर्तमानपत्राचा कागद यांच्या सान्निध्यात चांदी लवकर काळवंडते. पी. व्ही. सी. या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या तर सर्वांत घातक. काही वर्षांनी त्यांतून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. त्याऐवजी आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा पॉलिएस्टर अथवा पॉलिप्रॉपिलीनची आवरणे वापरावीत. एका पाकिटात एकच नाणे असावे. ती पाकिटे पोलादी कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून सोबत सिलिका जेलची पुडी घालावी. हे दाणे ओल शोषून घेतात आणि तापवून पुन्हा कोरडे करता येतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, डबा उघडून पाहिला म्हणजे पुरे.

परंतु धातू टिकला आणि त्याची हकीकत हरपली, तर अर्धेच रक्षण झाले. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती सर्व क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव व सातवाहनांची पुनःस्थापना यांचा हा साक्षात पुरावा ठरला. ही नाणी एकत्र मोजली व तपासली गेली, म्हणूनच हे प्रमाण समजले. तीच सुटी सुटी विकली गेली असती, तर प्रत्येक नाणे केवळ एक कुतूहलाची वस्तू होऊन राहिले असते.

याकरिता प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि ते कोणाकडून, कोठून, केव्हा आले याची नोंद वहीत करावी व तिची एक प्रत अन्यत्र ठेवावी. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवरच ही माहिती मिळते. देवस्थानच्या विश्वस्तांनी तर दानपेटीत वा भांडारात आलेली जुनी नाणी वजनावर मोडीत घालण्यापूर्वी ती जाणकारांकडून तपासून घ्यावीत. जमिनीत पुरलेले द्रव्य सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. तसेच शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, हेही ध्यानात असावे. इंदूरचे केंद्रीय संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून कार्य करणारी मुद्राशास्त्राची संशोधन संस्था, अशी अभ्यासाची स्थाने आपल्याकडे आहेत.

अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे व घाट बांधले, त्यांची आठवण आपण अभिमानाने काढतो. त्यांच्या टांकसाळीचा सुमारे अकरा ग्रॅमचा रुपया मात्र आपल्याच डबीत काळाच्या स्वाधीन केलेला असतो. महेश्वरी शिवलिंगार्चनाची परंपरा आजही चालू आहे. त्याच श्रद्धेचे चिन्ह धारण करणारे नाणे पुढील पिढीस वाचता येईल अशा स्थितीत सोपविणे, हेही त्या परंपरेच्या सेवेतच जमा होईल. त्यास लागतो तो थोडा कोरडा कागद, एक वही आणि घासण्यासाठी उचललेला हात आवरण्याइतका संयम.