कृषी जैवतंत्रज्ञानाचे विद्यापीठीय शिक्षण (पुणतांबा परिसर)

पुणतांबा हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील गोदाकाठचे गाव. चांगदेवांची समाधी येथे आहे आणि दौंड–मनमाड लोहमार्गाला शिर्डीचा फाटा येथूनच फुटतो. याच लोहमार्गावर दक्षिणेला राहुरी लागते. तेथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली ‘महाराष्ट्र कृषी विद्यापीठ’ म्हणून स्थापन झाले. आनुवंशिकी व वनस्पती पैदासशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि रेणवीय जीवविज्ञान यांचे उच्च शिक्षण तेथे मिळते. राज्यस्तरीय जैवतंत्रज्ञान केंद्रही तेथेच आहे. राहाता तालुक्यातल्याच लोणी येथे या विद्यापीठाशी संलग्न असे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. त्याचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा असतो.

मेंडेलचे नियम, जनुकाची रचना, पेशीविज्ञान यांपासून सुरुवात होते. पण या विषयाचा खरा पाया प्रात्यक्षिकात आहे. कोवळे पान खलात वाटून डीएनए वेगळा करणे, पीसीआरने त्याचा हवा तो तुकडा वाढवणे, ॲगारोज जेलवर पट्ट्या पाहणे आणि त्या पट्ट्यांवरून दोन वाणांतला फरक ओळखणे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने जमावे लागते. ऊतिसंवर्धनात मुराशिगे व स्कूग यांचे १९६२ पासूनचे माध्यम आजही वापरतात. ते १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करूनही हात स्वच्छ नसेल, तर बाटलीत बुरशी येते. रुजलेले रोप बाहेरच्या हवेला सरावेपर्यंत सांभाळणे हे त्याहून नाजूक काम आहे.

या शिक्षणाची कसोटी मात्र शेतकऱ्याला स्पष्ट उत्तर देण्यात आहे. ऊतिसंवर्धनाचे डाळिंब घेतले की तेल्या रोग येणार नाही, असा समज सहज होतो. प्रयोगशाळेतले रोप रोगमुक्त असते, रोगप्रतिकारक नव्हे. बागेत गेल्यावर तेल्याचा जिवाणू त्यालाही गाठतो. ‘धनशक्ती’ या जास्त लोहाच्या बाजरीत परका जनुक घातला आहे, असाही गैरसमज होऊ शकतो. इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २०१२ साली महाराष्ट्रात आलेल्या या वाणात परका जनुक नाही. जुन्या वाणातल्या जास्त लोहाच्या वंशांची ती निवड आहे. २००२ साली मंजूर झालेल्या बीटी कापसात मात्र जिवाणूचा जनुक घातलेला आहे. जनुक संपादन ही तिसरीच पद्धत आहे. परका जनुक न घालता केलेल्या संपादनाला केंद्र सरकारने २०२२ मध्ये काही नियमांतून सूट दिली आणि २०२५ मध्ये अशा दोन भातवाणांची घोषणा झाली. हे भेद सोप्या मराठीत सांगता येणे परीक्षेतल्या गुणांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

येथे एक उणीव जाणवते. बी.एस्सी. (कृषी)चे विद्यार्थी कृषिदूत व कृषिकन्या म्हणून गावात जाऊन राहतात. जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाचा भर प्रयोगशाळेतील आणि उद्योगातील प्रशिक्षणावर असतो. पण शेतकऱ्याचा प्रश्न पैशाचाही असतो. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक पुणतांब्यातून उठली आणि तिच्या मुळाशी कर्ज व शेतमालाचा भाव होता. नव्या वाणाचे बियाणे वा रोप कितीला पडते, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते का आणि पीक बुडाले तर तो खर्च कोण सोसतो, याचा हिशोब जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशाच गावात काही आठवडे राहून, शेतकऱ्यांबरोबर बसून मांडावा, अशी सोय अभ्यासक्रमात हवी.