बाह्यग्रहांची वातावरणे : वर्णपटीय अभ्यास

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या वायुवेष्टनाचे घटक, तापमान व मेघावरण यांचा निर्णय प्रकाशाच्या पृथक्करणावरून करण्याचे शास्त्र. ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून सरकू लागला, म्हणजे त्याचे अधिक्रमण घडू लागले, की ताऱ्याच्या प्रकाशाचा काही अंश ग्रहाच्या कडेवरील विरळ वायूतून गाळून येतो. प्रत्येक वायू आपल्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो, सबब त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा भासतो. या शास्त्राचा पहिला दाखला, एचडी २०९४५८ बी या ग्रहावरील सोडियम, हबल दुर्बिणीने दिला व तो २००१ साली जाहीर झाला. त्यातील प्रकाशाची अधिक घट अवघी ०.०२ टक्के होती.

पूर्वपीठिका : प्रकाशाच्या उगमाला आडपडदा येत असता कडेचा पातळ थर वाचण्याची ही विद्या महाराष्ट्राच्या भूमीवर सूर्याच्या वातावरणासाठी फार आधी योजिली गेली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणास विजयदुर्गी नॉर्मन लॉकियर, करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला व अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, आणि पुलगावी केंब्रिजचे न्यूऑल, असे वर्णपटांचे जाणकार ठाण मांडून होते. चंद्राने तेजोगोल पुरता झाकताच सूर्याच्या खालच्या थरातील काळ्या रेषा क्षणमात्र उजळ होतात, आणि तो क्षण टिपणे हे या छावण्यांचे एक मुख्य प्रयोजन होते. नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ साली पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेने छापला. आपल्याकडील वर्णपटविद्येचा तो मोलाचा दस्तऐवज होय. वेधशाळा १९१२ साली बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. लॉकियर यांच्या १८६८ मधील हेलियमच्या शोधाचे श्रेय विजयदुर्गास देण्याचा प्रघात आहे. मात्र त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते.

संतमस : एचडी ८६०८१ या ताऱ्याचा, २००६ मध्ये वेगमापनाने सापडलेला, दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात प्रदक्षिणा करणारा ग्रह. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २०१९ च्या उपक्रमात ताऱ्यास भौतिकीविद् बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ हे, आणि ग्रहास त्याच्या संभाव्य मेघाच्छादित वातावरणास अनुसरून ‘संतमस’ हे नाव मिळाले. ग्रहाचे नाव पुण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचविले होते.

अलीकडील कार्य : जेम्स वेब दुर्बिणीस २०२२ मध्ये वास्प-३९ बी वर कार्बन डायऑक्साइड आढळला. के२-१८ बी वर मिथेन व कार्बन डायऑक्साइड असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले; तेथील जीवसूचक रेणूविषयी मतैक्य नाही.

साधने : आयुकाची २ मीटर दुर्बीण, गिरवली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेला अवरक्त वर्णपटमापक, देवस्थळ (३.६ मीटर दुर्बीण).