बाकडे आणि सिंहासन

कुबेराच्या नगरीचे नाव मिरवणाऱ्या अलकापुरीत, बडोद्याच्या रेल्वे स्थानकापलीकडच्या या सुखवस्तू वस्तीत बसून टंचाईच्या कलेविषयी लिहावे, हे काहीसे विसंगत खरे. परंतु या शहराने आश्रय दिलेली रंगभूमी वैभवाची होती, आणि त्या वैभवाशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज कोकणच्या दशावताराचे मर्म नीटसे उमगत नाही. सयाजीराव महाराजांच्या दरबाराने गुणिजनांना मोइना बांधून दिल्या, १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीलाही आश्रय दिला. याच मंडळीने १९२० साली खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ रंगभूमीवर आणताना देखावे आणि वेषभूषा यांवर इतक्या मुक्त हस्ताने खर्च केला, की प्रेक्षकांचे डोळे दिपले आणि मंडळीच्या दफ्तरात कर्जाची खाती वर्षानुवर्षे चालत राहिली.

दशावतारी कंपनीचा जामदारखाना म्हणजे एक पेटारा. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला, की तो डोक्यावर घेऊन मंडळी गावोगाव पायी निघत. आणि जे डोक्यावर पेलत नसे, त्याला नाटकात स्थान नसे. देवळाच्या आवारात एक पडदा, बाजूला पेटी, मृदंग व झांज, मधोमध एक लाकडी बाकडे, एवढ्या तरतुदीत गणपती रिद्धि-सिद्धींसह नाचून जाई, वेद पळवणारा संकासुर आपल्या मालवणी बोलीत बड्याबड्यांची रेवडी उडवून जाई, आणि मग आख्यानाला तोंड लागून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत ते चाले. ज्या बाकड्यावर इंद्र दरबार भरवी, तेच घटकाभराने शंकराचा कैलास होई, आणि लगेच एखाद्या विरहिणीची शय्या. प्रेक्षकांपैकी कोणीही त्याबद्दल हरकत घेत नसे, कारण नटाने राजसभेचे वर्णन केले की राजसभा उभी राहिली, असा उभयपक्षी करारच असे. आख्यान कोणते लावायचे आणि कोणी काय व्हायचे, हे बहुधा त्याच दिवशी ठरे. संवाद लिहिलेले नसत. नटाची पुंजी म्हणजे कीर्तनात ऐकलेली पुराणे आणि तयार जीभ, आणि समोरच्या पात्राने अवघड प्रश्न टाकला तर तिथल्या तिथे उत्तर देणे भागच असे; त्यामुळे कृष्ण आणि नारद यांचा वाद रंगात आला की आख्यान खोळंबे, आणि लोकांना तेच हवे असे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हाही पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे गद्य भाषण आयत्या वेळी रचीत. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या मृत्यूनंतर सांगली दरबारचा आधार सुटला, म्हणूनच भाव्यांची मंडळी मुलूखगिरीवर निघाली आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग करू लागली. मराठी धंदेवाईक रंगभूमीचा हा आरंभ अडचणीतून झाला, हे आपण फारसे सांगत नाही.

टंचाईतून सोंग उभे करण्याचा हा न्याय फार दूरच्या एका खेळातही आढळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळणारे वीर वा मांत्रिक होऊन बोलण्यातून साहस रचतात; पण त्यांच्या सामानाचे ओझे सोन्याच्या नाण्यांच्या वजनात मोजण्याचा नियम आरंभापासून होता. त्या खेळाच्या मूळ किंमतयादीत दहा फुटी काठी, पन्नास फूट दोर, सहा मशाली असे किरकोळ जिन्नस होते. आणि भुयारात राक्षस समोर ठाकल्यावर, जादूची तलवार नसलेला गडी त्याच काठीने वाटेतली जमीन चाचपतो, दोराचा फास करतो, किंवा काहीच न जमल्यास राक्षसाशी सौदा करू पाहतो. या शेवटच्या युक्तीत मला संकासुराचे रक्त दिसते.

अलीकडे सिंधुदुर्गात यांत्रिक करामती दाखवणाऱ्या ‘ट्रिकसीन’ दशावताराला गर्दी लोटते. कारागिरी कौतुकास्पद असते, आणि कंपन्यांना पोट आहे, हेही मान्य. पण यंत्राचा नाग फणा काढून रंगमंचावर आला की त्याचे वर्णन करण्याचे काम नटाकडे उरत नाही, आणि या अदलाबदलीत मला तरी नफा दिसलेला नाही.